मापाचा दोरा

यंदाची भाऊबीज आपल्या हातच्या शिवणाची करायची, असं हरिश्चंद्रपंतांनी ठरवलं आणि तिथेच त्यांचे ग्रह फिरले.

कारण घडलं होतं गेल्या वर्षी. राजापूरला दिलेल्या धाकट्या बहिणीला, आनंदीला, त्यांनी रत्नागिरीच्या बाजारातून तयार चोळी नेली होती. ती तिच्या दंडावरच अडली. आनंदीच्या सासूबाई, सोनूबाई, चार पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "भावाने चोळी आणलीन खरी, पण त्याच्या लेखी बहीण अजून परकरातच आहे." पाहुणे हसले. आनंदीने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान पंतांना वर्षभर दिसत होती.

तेव्हा यंदा बहिणीला चोळी आणि मेहुण्यांना पानसुपारीचा बटवा, दोन्ही स्वतः शिवायचं. (कचेरीत बारा वर्षं ते दाभणाने फायली शिवत होते. चोळी म्हणजे जरा मऊ फाईल, एवढीच त्यांची समजूत.)

बायकोला, यमुनाबाईंना, यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. त्या नुसत्या हसल्या असत्या तरी पंतांचा हात थांबला असता. त्यांनी गुपचूप पत्र लिहून माप मागवलं. आनंदीने मोटरवाल्या लवूच्या हाती पांढरा दोरा पाठवला. दंडाची एक गाठ, पाठीची दुसरी, घेराची तिसरी.

रविवारी पंत माळ्यावर चढले. सोपा म्हणून आधी बटवा घेतला. समोर पडलेला दोरा सुईत ओवला, तर मेल्याला गाठीच गाठी. कापडातून जाईनात. वाण्याने जुना माल गळ्यात मारला असं पुटपुटत त्यांनी त्या दातांनी एकेक करून सोडवल्या. बटवा शिवून झाला तरी दोरा उरला. वाया कशाला घालवायचा, म्हणून कडेकडेने आणखी एक फेरी मारली. मग चोळीचा खण पसरून ते मापाचा दोरा शोधू लागले.

दोनदा माळा पालथा घातला. तिसऱ्यांदा नजर बटव्यावर गेली आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

भाऊबीज चार दिवसांवर आली होती. पत्र जाऊन उत्तर यायला वेळ नव्हता. शेवटी त्यांनी दांडीवरची यमुनाबाईंची चोळी मापाला पळवली. आनंदी बाळंतपणानंतर भरली आहे, म्हणून चार बोटं वाढवली. मग भीती वाटली, म्हणून दोन कमी केली. अखेर किती राहिली ते त्यांनाच आठवेना.

"अहो, दांडीवरची माझी चोळी बघितलीत?" खालून हाक आली.

"नाही बुवा. शेजारच्या गंगुबाईच्या शेळीने खाल्लीन असेल."

"शेळी दांडीवर चढली?"

(नाव हरिश्चंद्र, आणि पहिल्याच प्रश्नाला थाप.) दुसऱ्या दिवसापासून यमुनाबाईंनी विचारणंच सोडून दिलं. त्याचीच पंतांना जास्त धास्ती वाटली.

भाऊबीजेला राजापुरात ओवाळून झालं आणि आनंदी चोळी घेऊन माजघरात गेली. पाहुणे जमले होते. सोनूबाई दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या.

आनंदी बाहेर आली. चोळी अगदी अंगासरशी बसली होती.

"मापात आहे हो," सोनूबाई म्हणाल्या. आनंदीने मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. पंतांचे डोळे भरून आले, त्यामुळे टीप त्यांना जरा उशिराच दिसली. ती बारीक होती आणि सरळ होती. पंतांची टीप यातली काहीच नव्हती. निघताना बोचकं यमुनाबाईंनी बांधून दिलं होतं, हे त्यांना आता आठवलं.

"शिवलीन कोणी?" सोनूबाईंनी विचारलं.

"मीच," पंत म्हणाले. (थाप दुसरी.)

मेहुणे मघापासून बटवा उलटापालटा करून बघत होते. "हरिश्चंद्रराव," त्यांनी हळूच विचारलं, "याचं तोंड कुठे आहे?"

सोनूबाईंनी बटवा हातात घेतला आणि चारी बाजू चाचपल्या. चारी पक्क्या शिवलेल्या होत्या.

"चोळीचं मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या, "पण हा बटवा मात्र भावानेच शिवलान हो."