झीनतचे जगभरातले शुभेच्छुक

"असा बोर्ड लावतो मल्लप्पा, की सोलापुरात आजवर कुणी लावला नसंल!" गादीवाले इसूफभाई अंगावरचा कापूस झटकत म्हणाले. समोर पिठाच्या गिरणीत मल्लप्पांनी मान डोलावली. इसूफभाईंनी एकदा ठरवलं की मान डोलावण्यापलीकडे कुणाच्या हातात काही उरत नसे!

बोर्ड होता त्यांच्या लेकीचा. झीनत पुण्यात शास्त्रज्ञ. शरीर आजाराशी कसं लढतं, आणि एकदा लढलेला आजार पुढं कसा ओळखतं, यावर तिचं संशोधन. पण गल्लीला त्याचं काय?

"डॉक्टर हाय म्हनता, आन् साधं इंजेक्शन देत न्हाय?" मंद्रूपहून येऊन कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बजाबाई भेटतील तेव्हा विचारायच्या. इसूफभाईंच्या जिवाला ते लागायचं. आपली पोर काय चीज आहे, हे एकदा तरी गल्लीला कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि परवा फोनवर झीनत म्हणाली, "अब्बा, जगभरातले शास्त्रज्ञ त्यांच्या लेखांत माझं नाव घेतायत."

"कशाला?"

"माझ्या कामाबद्दल लिहिलं, की खाली माझं नाव द्यावंच लागतं."

"किती जनांनी लिवलं?"

"हजारोंनी!"

इसूफभाई अर्धवट भरलेल्या गादीवर मटकन बसले. हजारो! ज्या गावांची नावं तोंडात मावत नाहीत, तिथली माणसं आपल्या पोरीचं नाव लिहितात! आणि लगेच मन खायला लागलं. आपली रीत काय? मल्लप्पानं वाढदिवसाच्या बोर्डावर आपला फोटो टाकला, तर आपण आपल्या बोर्डावर त्याचा टाकायचा. नाही टाकला तर वर्षभर अबोला! मग इतक्या लोकांनी पोरीचं नाव छापलं आणि आपण गप्प बसायचं?

ते तडक ऋतुजाच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. "आमच्या झीनतचं नाव लिवणाऱ्या समद्यांचे फोटो टाक. खाली लिही, शुभेच्छुक!"

"काका, बोर्ड विजापूर रोडपर्यंत जाईल!"

"मग मावतील तेवढे टाक."

ऋतुजानं इंटरनेटवर एकेक नाव शोधून फोटो काढले. जपान आलं, ब्राझील आलं, आणि मध्येच काळा गॉगल लावून मल्लप्पाही आले. आता सगळ्यात वरची, मंत्र्याची जागा कुणाला?

"हे बघा, नॉर्वेचे डॉ. हालवर्सन. अख्खा लेखच झीनतताईवर! ओळीओळीला ताईचं नाव!"

"आरं वा! ह्यांनाच वर घे. मोठ्ठा फोटो!"

बोर्ड लागला. गिरणीची खिडकी झाकली गेली आणि मल्लप्पांना भरदुपारी दिवा लावून दळण काढावं लागलं. पण कुरकुर नाही. बोर्डावर ते होते ना!

पुण्याहून आलेली झीनत रिक्षातून उतरली आणि वर बघतच राहिली. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत होती.

"अब्बा, हा वरचा माणूस..."

"तुझा सगळ्यात मोठा चाहता!"

"अब्बा, मी चुकले, हे सिद्ध करायला त्यानं तो लेख लिहिलाय!"

बजाबाईंचा हात तोंडाशी गेला. इसूफभाईंचा चेहरा एवढासा झाला.

"आमची पोरगी चुकली म्हंतो?" मल्लप्पा शिडी घेऊन धावले. "कात्री आन गं ऋतुजा! नाकच कापतो!"

"काका, खाली उतरा!" झीनत ओरडली. "त्याच्यामुळंच मी पुन्हा प्रयोग केले. एका जागी खरंच चुकलं होतं. ते दुरुस्त केलं, म्हणून तर पुढं एवढ्या लोकांनी नाव घेतलं!"

इसूफभाई त्या फोटोकडे टक लावून बघत राहिले. कुठला बर्फातला माणूस! सोलापूरच्या गादीवाल्याच्या पोरीचं लिहिणं शब्द न् शब्द वाचतो, आणि त्यापायी दिवसचे दिवस घालवतो. इथं तर बोर्डावरची नावंही कुणी धड वाचत नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी, इतक्या लांबचा मानूस इतकं मन लावून तुझ्याशी भांडतो! केवढी मोठी झालीस गं तू!"

"व्हय की!" बजाबाई हळूच म्हणाल्या. "माझ्याशी शेजारीनबी इतकं मन लावून भांडत न्हाय." त्यानंतर इंजेक्शनचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

झीनतनं बोर्डाचा फोटो काढून थेट हालवर्सनना पाठवला. चहा होतो न होतो तोच उत्तर आलं. ते वाचून तिनं कपाळाला हात लावला.

"लिहितात, 'फार आभार. असा मान मला माझ्या गावानंही दिला नाही. फक्त तो फोटो माझा नाही.'"

सगळे ऋतुजाकडे वळले. ती घाईघाईनं मोबाईल चाळत पुटपुटली, "काका, ह्याच नावाचा दुसराच निघाला. तिथला मासेवाला!"

इसूफभाईंनी कौतुकानं मान हलवली. "बघितलंस मल्लप्पा? एवढ्या लांबून त्यानं ही बी चूक धरली! आता लाव शिडी, फोटो बदलू!"