नळवाल्याची बोट

नळवाला गेला होता दातांच्या डॉक्टरच्या घरी बाथरूमचा कॉक बदलायला, आणि परत आला तो बोट घेऊन. पुढे भाड्याचा टेम्पो, मागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट आणि बोटीत हा उभा, हातात पाईप-पान्हा. लढाई जिंकून आल्यासारखा.

बायको दारातच होती. तिनं आधी बोट बघितली, मग नवरा बघितला, मग परत बोट.

"हे काय आहे?"

"मोटारबोट. फॅमिली साइझ. सहा माणसं बसतात."

"आणि आपण किती?"

"दोन. म्हणजे ऐसपैस."

"कितीला घेतली?"

"अगं, फुकटच म्हण. नव्या गीझरच्या भावात."

"गीझर घेतला असतात तर अंघोळ तरी झाली असती."

"अंघोळीचं काय घेऊन बसलीस. ही पाण्यात गेली की बघ."

"तेच म्हणते मी. अंघोळ हिच्यातही होणारच आहे, फक्त अंगावरच्या कपड्यांसकट."

आता खरं सांगायचं तर फसायची सगळी लक्षणं समोर होती. नळवाल्यानं डॉक्टरला विचारलं होतं, "पाण्यात कशी चालते?" डॉक्टर म्हणाला, "एकदम झकास." "शेवटची कधी नेली होती?" "मुलगी चौथीत होती तेव्हा." "आता कितवीत आहे?" "आता तिची मुलगी चौथीत आहे." एवढ्यावर शहाणा माणूस कॉक बसवून, मजुरी घेऊन घरी आला असता. त्यात डॉक्टरीणबाईंनी न मागता चहा दिला, बिस्किटं दिली, लहान पोरांची तरंगायची दोन जाकिटं दिली आणि ट्रेलरला मागून स्वतः हात लावून ढकललं. पदर खोचून. त्या बाईच्या तोंडावर जो आनंद होता तो नळवाल्याला दिसला, पण त्याला वाटलं आपला कॉक चांगला बसला.

बोट अंगणात लागली. अंगण म्हणजे काय, स्कूटर आणि कपडे वाळत घालायची दोरी एवढीच जागा. स्कूटर रस्त्यावर गेली, दोरी बोटीच्या काचेला बांधली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत सूर्याच्या जागी बोटीचं बूड आलं. भर दुपारी दिवा लावून भाजी चिरताना बायको म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि डॉक्टरनं धाडलं घोडं."

घरचं म्हणजे तो नळ. स्वयंपाकघरातला. तीन वर्षं टपटपत होता. गावातल्या सगळ्या घरांचं पाणी अडवणारा हा माणूस, आणि याच्या घरात नळाखाली बादली. ती दिवसातून तीनदा भरायची, बायको तीनदा ओतायची. रोज विचारायची, रोज उत्तर एकच, "करतो उद्या." पालथ्या घड्यावर पाणी. आणि इथं तर काही पालथं पण नव्हतं, पाणी सरळ बादलीत पडत होतं.

रविवारी साडू आला, मेहुणीला घेऊन. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. विमा कंपनीत नोकरी, पांढरी पँट, आणि चाळीस घरांच्या एका बिल्डिंगचा सेक्रेटरी. त्या बिल्डिंगचे सगळे पाईप बदलायचे होते, आणि ते काम मिळावं म्हणून नळवाला सहा महिने साडूच्या मागे होता. चाळीस घरं म्हणजे वर्षभर दुसरीकडे बघायला नको. साडू हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. नळवाल्याला तो पहिल्यापासून पाण्यात बघायचा, पण चहा मात्र दोन कप प्यायचा.

साडूनं बोटीला एक फेरी मारली. बोटीच्या बुडाला बोट लावलं. बोट आत गेलं.

"हे भोक आहे का खिडकी?"

"सात भोकं आहेत," नळवाला म्हणाला. "आठवड्यात बुजवतो."

"घरातला नळ तीन वर्षं बुजत नाही."

"नळाचं वेगळं असतं, भाऊजी."

"वेगळं कसं? दोन्हीकडे पाणीच अडवायचं." साडूनं बशीत चहा ओतला. "असं करू. पुढच्या रविवारी तळ्यावर जाऊ. मी बसतो हिच्यात. कोरडा परत आलो तर बिल्डिंगचं काम तुझं. ज्याला एक बोट कोरडी ठेवता येत नाही त्याच्या हातात मी चाळीस घरं कशी देऊ? कमिटीत मला काय तोंड राहील?"

"कबूल."

"बघा हं," मेहुणी मधेच म्हणाली, "यांना पोहता येत नाही."

"मग तर पाणी येणार नाही याची जबाबदारी माझी," नळवाला म्हणाला.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "बादली भरली हो."

आता नळवाल्याची कामाची पद्धत ऐका, कारण सगळं रामायण तिथंच घडलं. तो शिकला होता एका जुन्या मिस्त्रीकडे, टाक्यांच्या कामावर. मिस्त्री म्हणायचा, टाकीला मलमपट्टी कायम आतून. बाहेरून लावलेलं सगळं दिखाऊ, पाण्याचा जोर ते ढकलून देतो. आतून लावलं की पाणी स्वतःच ठिगळ दाबून धरतं. जेवढं पाणी जास्त तेवढं ठिगळ घट्ट. पंचवीस वर्षं या एका वाक्यावर नळवाल्यानं पोट भरलं होतं. एकही टाकी गळून परत आली नव्हती.

तर त्यानं बोटीत उतरून सातही भोकांना आतून रबर लावलं, वर पत्रा, वर भेगा बुजवायची लांबी, कडेनं सफेद्याचा लेप. बोटाने गुळगुळीत केलं. काम असं सुबक की बायकोसुद्धा क्षणभर बघत राहिली.

"बाहेरून नाही लावायचं काही?" तिनं विचारलं.

"बाहेरून कशाला?"

"मी आपलं विचारलं."

"तू भाकरी दोन्हीकडून भाजतेस म्हणून मी शिकवायला येतो का?"

 पुढचे दोन दिवस भाकरी एकाच बाजूनं भाजलेली मिळाली.

शुक्रवारी टेस्टिंग. टाकीचं टेस्टिंग कसं करतात? काठोकाठ पाणी भरायचं, पातळीवर खडूनं रेघ मारायची, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं पाणी रेघेखाली उतरलंय का. नळवाल्यानं तेच केलं. गल्लीचा नळ आला तसा पाईप बोटीत सोडला आणि बाकाच्या चार बोटं वर येईपर्यंत भरली. रेघ मारली. शनिवारी सकाळी बघतो तर पाणी रेघेवर. केसभर खाली नाही. अंगणात बोटीखालची जमीन ठणठणीत कोरडी.

त्यानं समोरच्या शिंप्याला हाक मारून बोलावलं. "या, बघा. एक थेंब दाखवा."

शिंपी वाकून बघत होता तेवढ्यात फट्ट झालं. ट्रेलरचं एक चाक गेलं. चाकाचा काय दोष, त्यानं आयुष्यभर रिकामी बोट वाहिली, एवढं पाणी डोक्यावर घ्यायची त्याला सवय नव्हती. बोट एका अंगावर कलली, आणि जे पाणी ठिगळातून थेंबभर निघालं नव्हतं ते काठावरून एकदम निघालं. अर्धं शिंप्याच्या दुकानात, अर्धं स्वयंपाकघरात. शिंप्याचा कापायला काढलेला कोट तरंगत गटारापर्यंत गेला.

बायको पाण्यात पाय घेऊन चुलीपाशी उभी राहिली. तिच्या बाजूनं नळाखालची बादली तरंगत गेली.

"ठिगळं बघ," नळवाला दारातून म्हणाला. "एक हललं नाही."

"हो. घर हललं."

रविवारी शिंप्यानं चाक बदलायला मदत केली. प्रेमानं नाही, बोट गल्लीतून कधी जाते याची त्याला घाई होती. तळ्यावर साडू आधीच येऊन थांबला होता. पांढरी पँट, पांढरे बूट. त्याच्याबरोबर कमिटीचा खजिनदार, एक बारीक माणूस, साक्षीला. मेहुणी काठावर चटई टाकून बसली. बायकोही तिच्याशेजारी बसली, आणि तिनं पिशवीतून घरची बादली काढून पुढ्यात ठेवली.

"ही कशाला?" नळवाल्यानं विचारलं.

"सवय."

बोट पाण्यात उतरली. तरंगली. नळवाल्यानं दोरी ओढली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. त्याचा स्वतःचाच विश्वास बसला नाही, त्यानं दोनदा मागे वळून बघितलं. साडू मधल्या बाकावर बसला, छातीला लहान पोराचं जाकीट, ते त्याच्या अंगाला बिल्ल्यासारखं दिसत होतं. खजिनदार काठावर वही घेऊन उभा.

पन्नास पावलं बोट गेली. छान गेली. साडू म्हणाला, "वा. मानलं बुवा." नळवाल्याच्या डोळ्यांसमोर चाळीस स्वयंपाकघरं आली, चाळीस बाथरूमं आली.

मग पायाखाली "पुक" असा आवाज झाला.

"काय झालं?" साडू म्हणाला.

"काही नाही. लांबी सेट होतेय."

"सेट होताना उडते का? माझ्या बुटावर पडलीय."

पुक. पुक.

नळवाल्यानं खाली बघितलं. ठिगळं पापडासारखी फुगून वर येत होती आणि खालून पाण्याच्या तीन धारा उभ्या होत्या. आणि त्या क्षणी, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, त्याला मिस्त्रीच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कळला. टाकीत पाणी आत असतं. तळ्यात ते बाहेर असतं. इतके दिवस पाणी त्याची ठिगळं दाबून धरायचं. आज तेच पाणी ती ढकलून काढत होतं.

"भाऊजी, पाय वर घ्या."

"तू मला कोरडा नेणार होतास."

"वरचा भाग कोरडाच आहे अजून."

पुक.

त्यानं बोट वळवली. साडू जाकीट फुगवायला बघत होता, ते फुगायचं नव्हतं, स्पंजचं होतं. काठावर मेहुणी उभी राहिली. "अहो, यांना पोहता येत नाही." बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "ताई, बस. मगाशी बगळा उभा होता तिथं, गुडघ्यापर्यंत पाणी."

काठ वीस पावलांवर असताना सातवं ठिगळ गेलं, इंजिनानं गुळणी केली आणि बोट सावकाश, घाई न करता खाली बसली. तळाला टेकली. पाणी साडूच्या पायांवरून चढलं, बाकावर आलं, बाकाच्या चार बोटं वर आलं, आणि थांबलं.

नळवाल्यानं बघितलं. पाणी बरोब्बर खडूच्या रेघेवर होतं.

"बघितलंत," तो नकळत म्हणाला. "केसभर इकडे नाही, तिकडे नाही."

 कमरेपर्यंत ओला, जाकीट घातलेला साडू बाकावरून उठला आणि गुडघाभर पाण्यातून चालत काठावर गेला. खजिनदारानं वही मिटली. बायको उठली, पाण्यात आली आणि नवऱ्याच्या हातात बादली दिली.

काम गेलं. ते साडूनं ज्याला दिलं त्यानं सुरुवातीलाच बिल्डिंगची वरची टाकी फोडून ठेवली आणि आजारी पडला. चाळीस घरं कोरडी. टँकर यायला तयार, पण टँकरचं पाणी ओतायचं कशात?

इकडे नळवाल्यानं बोट परत अंगणात लावली होती आणि ठिगळं परत लावली होती. परत आतून. त्याला दुसरं येतच नव्हतं. बायकोनं तिच्यात पाणी भरून कपडे धुवायला सुरुवात केली होती. मेहुणीनं हे बघितलं आणि घरी जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साडू आला, चहा न मागता. बोटीकडे न बघता म्हणाला, "ती... टाकी, थोड्या दिवसांसाठी मिळेल का?"

नळवाला तोंड उघडणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "टाकी एकटी येत नाही, भाऊजी. नळवाल्यासकट येते. पाईपही तोच टाकेल."

साडूनं मान खाली घातली. संध्याकाळी बोट बिल्डिंगच्या आवारात विटांवर उभी राहिली, चाकांची भानगडच नको म्हणून. रोज सकाळी चाळीस घरांची रांग लागायची, आणि रांगेत सेक्रेटरी पांढऱ्या पँटीत बादली घेऊन उभा असायचा. पाणी किती उरलं ते खजिनदार खडूच्या रेघेवरून सांगायचा.

पहिल्याच आठवड्यात नळवाला कामावरून घरी आला, हातपाय धुतले, बसला, आणि त्याला कसंतरीच वाटायला लागलं. घरात काहीतरी कमी होतं. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेला. नळाखाली बादली नव्हती. नळ गप्प होता.

"कुणी केलं हे?"

"मी." बायको कांदा चिरत होती. "बोटीच्या रबराचा तुकडा उरला होता, त्याचा वायसर कापला."

"तुला कुणी शिकवलं?"

"त्यात शिकायचं काय," ती म्हणाली. "आधी बघायचं, पाणी कुठल्या बाजूनं येतंय."