जावयाचं निर्णायक मत

"म्हणजे उद्या तू बाबांच्या समोर उभा राहून त्यांचंच पथक बुडवणार?" बायकोने विचारलं आणि दातांच्या डॉक्टरांचा घास घशातच अडकला.

बुडवायचं तर होतंच. युवा संघटनेच्या वार्षिक सभेत ठराव यायचा होता: लहान पथकं शेजारच्या मोठ्या पथकात विलीन करावीत. मोठं पथक डॉक्टरांचं. सुट्टीच्या दिवशी ते तिथे मुलांना प्रथमोपचार शिकवत आणि यंदा पथकाने त्यांना प्रतिनिधी म्हणून निवडलं होतं. लहान पथक सासऱ्यांचं. मुलं मोजकीच, पण तळ्याकाठचं शिबिराचं मैदान असं, की मोठ्या पथकाच्या तोंडाला पाणी सुटावं. ठरावाच्या बाजूने भाषण करायचं काम मोठ्या पथकाच्या प्रमुख बाईंनी डॉक्टरांवर सोपवलं होतं. बाई जनावरांच्या डॉक्टर. उधळलेल्या घोड्याला इंजेक्शन देणाऱ्या बाईला नाही म्हणायची डॉक्टरांची छाती नव्हती.

"मी बोलणारच नाहीये," डॉक्टर पाणी पिऊन म्हणाले. "माझा घसा बसलाय."

"कधीपासून?"

"उद्या सकाळपासून."

"आणि मत?"

"मतदानाच्या वेळी मी बाहेर असेन. निसर्गाची हाक कुणाला चुकलीय?"

"लग्नाच्या आधी तू इतका हुशार वाटला नव्हतास," बायको म्हणाली. ही स्तुती होती की नाही, ते डॉक्टरांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाऊल टाकताच त्यांनी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. बाईंनी त्यांना खिडकीपाशी नेलं, "आ करा" म्हणाल्या आणि आत डोकावल्या.

"मला तर काही दिसत नाही."

डॉक्टरांनी केविलवाणा चेहरा केला. बाईंनी त्यांच्या हातातलं भाषण ओढून घेतलं आणि त्या स्वतःच बोलायला उभ्या राहिल्या. पहिली अडचण टळली म्हणून डॉक्टर मागे टेकतात न टेकतात तोच शेजारच्या खुर्चीत सासरे येऊन बसले. काखेत थर्मास.

"जावईबापू, घसा बसला म्हणे? गरम पाणी घ्या."

डॉक्टरांनी घेतलं.

"अजून एक. संकोच करायचा नाही."

संकोच करायला आवाज लागतो, आणि तो तर डॉक्टरांनी घरीच ठेवला होता. बाईंचं भाषण, त्यावर चर्चा, चर्चेवर हरकत आणि हरकतीवर खुलासा होईतो सासऱ्यांनी अख्खा थर्मास जावयाच्या पोटात रिता केला. त्यामुळे मतदान पुकारलं तेव्हा निसर्गाची हाक खोटी राहिली नव्हती. डॉक्टर अक्षरशः धावत बाहेर गेले.

पुष्कळ वेळ काढून, हात दोनदा धुऊन ते परतले. आता सगळं आटपलं असणार. पण दार उघडलं तर सभागृह चिडीचूप, आणि सगळ्या माना त्यांच्याकडे वळलेल्या.

"या, या," सभापती म्हणाले. "मतं समसमान पडली आहेत. तुमचंच एक राहिलंय."

डॉक्टरांनी खाणाखुणांनी विचारलं, की माझ्यासाठी कशाला थांबलात?

"तुमच्या सासऱ्यांचा आग्रह! म्हणाले, जावई आल्याशिवाय निकाल लावायचा नाही."

डॉक्टरांना भरून आलं. केवढा दिलदार माणूस! स्वतःच्या पथकाच्या मानेवर सुरी असताना विरोधकाच्या मतासाठी थांबला! पलीकडे सासऱ्यांच्या पथकातली तरुण मंडळी जीव मुठीत धरून बसली होती. अलीकडे बाई हिरवं कार्ड वर करायची खूण करत होत्या. हिरवं म्हणजे विलीनीकरण, लाल म्हणजे विरोध. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि लाल कार्ड वर केलं.

एकच जल्लोष झाला. बाईंनी भाषणाचे कागद टराटरा फाडले. आणि सासरे? सासरे मटकन खाली बसले. आनंद अनावर झाला असेल, असं डॉक्टरांना वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी सासऱ्यांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"काय केलंत हे?"

"बाबा, तुमचं पथक वाचवलं!" डॉक्टर आनंदाने ओरडले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

"घसा उघडला वाटतं! अहो, कुणी सांगितलं होतं वाचवायला? तुमची बायको बाहुलीशी खेळत होती तेव्हापासून मी त्या तळ्याकाठी तंबू ठोकतोय. पाठ गेली, गुडघे गेले. पण सोडतो म्हणायची सोय नाही, मुलं रडतात. म्हटलं, मी आपलं विरोधात मत देईन, जावई त्याच्या पथकाला जागेल, पथक जाईल. दोष तुमच्या माथी, सुटका माझी! हक्काचा एक जावई, तोही ऐन वेळी उलटला!"

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तुम्हाला सांगणार? तुम्ही माझ्या लेकीला सांगणार, ती तिच्या आईला, आणि तिची आई गावभर!"

सासरे भिंतीला टेकून विचार करू लागले. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या उलगडल्या, आणि ते जवळजवळ उड्या मारतच आत गेले.

"सभापती महोदय," त्यांचा आवाज घुमला, "माझी जागा आता तरुण माणसाला देतो. स्वतःच्या पथकाचा रोष पत्करून जो आमच्या मुलांसाठी उभा राहिला, त्याच्याहून लायक पथकप्रमुख कोण?"

"पण हे तर मोठ्या पथकाचे सदस्य," सभापती म्हणाले.

"होते," बाई म्हणाल्या. "खुशाल न्या." आणि सगळ्यांच्या आधी हिरवं कार्ड त्यांचंच वर गेलं. लहान पथकाची पोरं तर खुर्च्यांवर चढली होती. त्यांचे चेहरे पाहून डॉक्टरांच्या तोंडून 'नाही' निघेना.

परतताना गाडी डॉक्टर चालवत होते. सासरे शेजारी पाय ताणून बसले होते, दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे.

"उन्हाळी शिबिराच्या वेळी आम्ही दोघं समुद्रावर जाऊन राहणार आहोत," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाईंना आजच सांगतो."

"बाबा, मला तंबूसुद्धा ठोकता येत नाही हो."

"येईल. एक लक्षात ठेवा. पहिल्या रात्री कुणी मुसमुसून रडायला लागलं, तर घाबरायचं नाही. सकाळपर्यंत आपोआप थांबतं."

"मुलं रडतात?"

"छे! पोरं मस्त घोरत असतात. पथकप्रमुखाचं सांगतोय."