एक धुणं जाऊ द्या

आमच्या किसनशेठशी बोलायचं तर आधी बाही द्यावी लागे. राम राम झाला की ते समोरच्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरायचे, अंगठ्यानं चोळायचे आणि मग बोलायला लागायचे. नवी सून पाया पडायला आली तरी आशीर्वादाआधी पदर तपासायचे. गुलमंडीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि मी शेजारचा शाळामास्तर. माझी बाही त्यांनी इतकी चोळली की माझ्या सदऱ्यांची उजवी बाही आधी विरायची.

कशावर मत विचारलं की उत्तर ठरलेलं. "एक धुणं जाऊ द्या, मास्तर." नवा जावई असो, नवा कलेक्टर असो, नाही तर नवं मुंबई राज्य असो, एका धुण्यात रंग कळतो, असा त्यांचा हिशेब.

असा माणूस आमदार झाला. पक्षातल्या दोन गटांचं एकमेकांशी पटेना. दोघांचाही राग नसलेला गावात एकच माणूस निघाला. कार्यकर्ते दुकानात शिरले तेव्हा शेठना वाटलं, झेंड्याला कापड हवंय. त्यांनी ठाण उलगडलंसुद्धा.

"कापड नको शेठ, तुम्ही उभे राहा," कार्यकर्ते म्हणाले.

शेठ गादीवरून खरोखरच उठून उभे राहिले.

ओट्यावर मशीन चालवणारा हमीदभाई शिंपी खो खो हसला. "अरे शेठ, इलेक्शन में खडे रहो बोल रहे!"

प्रचारात त्यांचं भाषण दोन वाक्यांचं. "मी नवा माल आहे. एक धुणं जाऊ द्या, रंग उतरला तर माघारी द्या." लोकांनी भरभरून मतं दिली.

पहिल्या अधिवेशनाला भाषणं लिहून द्यायला मला बरोबर नेलं. मनमाडला गाडी बदलून आम्ही मुंबईला पोचलो. विधानसभेच्या व्हरांड्यात एक मंत्री समोरून आले. मी लिहिलेलं भाषण शेठच्या खिशातच राहिलं आणि मंत्र्यांची बाही चिमटीत गेली.

"साहेब, ही खादी नाय. मिलचं कापड हाय. फसवलं तुम्हाला कुणी तरी."

भोवतालची माणसं गार पडली. मंत्री आधी लाल झाले, मग हसले. "काम काय आणलंत?"

"बिडकीनच्या बाजूला एक वाडी हाय. ओढ्याला पाणी आलं की बाळंतीण अलीकडं अन् सुईण पलीकडं. पूल पायजे."

"बघू."

"कवा?" शेठनी बाही सोडली नव्हती.

"अहो, बाही सोडा, पूल देतो!"

आणि पूल झाला. वाडीवाल्यांनी शेठची बैलगाडीतून मिरवणूक काढली.

पुढच्या निवडणुकीला पुढारी आपण होऊन दुकानात आले. शेठनी त्यांना चहा पाजला आणि हात जोडले. "आता दुसरा कुणी बघा."

पुढारी गेल्यावर मी भडकलो. "अहो, पुलावरून जाणारी माणसं नाव घेतात तुमचं! नाही काय म्हणता?"

"वर चला," ते म्हणाले.

दुकानावरच त्यांचं घर होतं. राधाबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांची नजर हळूहळू गेली, हे गल्लीला ठाऊक होतं. शेठ हलक्या आवाजात म्हणाले, "रोज दुपारी हिच्यापाशी बसून खालचा बाजार सांगतो. अधिवेशनाहून येऊन बघतो तर खिडकी बंद. म्हणते, नुसते आवाज ऐकून काय करू? मुंबईला बोलायला लई माणसं हायेत, मास्तर. हिला दाखवायला मी एकटाच."



"आज खाली एवढी गर्दी कुणाची व्हती?" राधाबाईंनी विचारलं.

शेठ खाली बसकण मारून रंगात आले. "अगं, पुढारी आलते! एकाची मिशी डावीकडं वर अन् उजवीकडं खाली. दुसरा चहा फुंकतोय, तर सगळा चहा तिसऱ्याच्या धोतरावर!"

राधाबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग मान वळवून म्हणाल्या, "अन् मास्तर आलेत ना? कसे दिसतात आता?"

शेठनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं.

"केस गेले गं सगळे," ते म्हणाले. "पण लई शोभतंय."