ज्वालामुखीला निघालेल्या सरांचा पाहुणचार

लोणारच्या अवसरमोल सरांनी निवृत्तीच्या समारंभात, अंगावर शाल आणि हातात नारळ असताना, भर सभेत जाहीर करून टाकलं की आजवर फळ्यावर काढलेले ज्वालामुखी पुरे झाले, आता आपण खऱ्या ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन उभं राहणार! टाळ्या कडाडल्या. आभार मानायला उठलेले मुख्याध्यापक म्हणाले, "सर, कधी जायचं तेवढं सांगा. आपण सगळेच येऊ. सरोवर काही लांब नाही."

सरांचा चेहरा पडला. पडणारच. उभी हयात भूगोल शिकवण्यात गेलेली, आणि दरवर्षी प्रत्येक तुकडीला घसा कोरडा करून सांगितलेलं, की बाळांनो, आपलं सरोवर ज्वालामुखीनं झालेलं नाही. दगड ज्वालामुखीचा आहे, खड्डा उल्केनं पाडला आहे. पोरं त्यातला दगड तेवढा लक्षात ठेवत आणि पेपरात खुशाल 'लोणार हा ज्वालामुखी आहे' असं लिहून येत. त्यातलंच एक पोर पुढे मुख्याध्यापक झालं होतं, त्याला सर तरी काय करणार?

पण सर बोलले होते ते मनापासून. रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला कामचाटका नावाचा मुलूख आहे. तिथं डोंगर अजून धुमसतात, जमिनीतून वाफा निघतात, आणि मैलोन् मैल माणूस दिसत नाही. पुण्याची एक कंपनी दर उन्हाळ्यात तिकडे एक तुकडी नेत असे. पाठीवर तंबू घेऊन कित्येक दिवस चालायचं आणि शेवटी एका धुरकट डोंगराच्या काठावर उभं राहून आत डोकावायचं. सरांनी त्या मुलखाचा नकाशा बैठकीच्या खोलीत असा लावला होता, की आल्यागेल्याला टीव्ही दिसेना.

अडचण एवढीच, की साठी उलटलेल्याला कंपनी नेत नव्हती. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष पेन्शनच्या हेलपाट्यांत आणि मोतीबिंदूत गेलं. सरांच्या हातात उरला तो हा एकच उन्हाळा. हा हुकला, की ज्वालामुखी पुन्हा फळ्यावर.

कंपनीच्या प्राची मॅडमनी फोनवर अट समजावून सांगितली. "सर, पूर्ण सामान पाठीवर घेऊन एक मोठा चढ न थांबता चढायचा. मी व्हिडिओ कॉलवर बघणार. मध्ये थांबलात, तर मात्र मला नाही म्हणावं लागेल."

"मॅडम," सर छाती फुगवून म्हणाले, "आमच्याकडे चढाला तोटा नाही. आमच्या गावालाच मुळी खड्डा आहे."

आणि सर तयारीला लागले. नवी पाठपिशवी आली, तिच्यात तंबूऐवजी ज्वारी भरली, आणि रोज सकाळी सरोवराच्या तळाशी उतरून धारेच्या, म्हणजे काठावरल्या झऱ्याच्या, पायऱ्या चढून वर यायचं, असा नेम सुरू झाला. वाटेत भेटेल तो म्हणे, "सर, चक्की इकडं नाई." सर हसून पुढे जात. सुरुवातीला अर्ध्या पायऱ्यांवर जीव घशाशी येई. पुढे पुढे नुसता घाम येऊ लागला. पँट सैल झाली, ती त्यांच्या बायकोनं, मंजुश्रीबाईंनी, कमरेत आवळून शिवून दिली. त्या पँटवर हात फिरवताना सरांना जे सुख झालं, ते आदर्श शिक्षक पुरस्कारानंही झालं नव्हतं. सगळं अगदी झकास चाललं होतं, आणि मग शेजारच्या उकंडरावांनी कुंपणावरून विचारलं.

उकंडराव भाजीपाला पिकवणारे, माणूस सरळ. त्यांनी विचारलं, "सर, हे ओझं वाहून काऊन राह्यले तुम्ही?"

सरांनी सगळं सांगितलं. घरात नेऊन नकाशाही दाखवला.

"म्हंजे तठी डोंगर पेटलेले हायत?"

"हो."

"अन् जनावर?"

"अस्वलं आहेत. मोठी."

"अन् माणूस?"

"तीच तर मजा आहे. माणूस नाही."

उकंडराव फाशीच्या कैद्याकडे पाहावं तसं सरांकडे पाहून हळूच म्हणाले, "आज सांजच्याले जेवायले या आमच्या घरी. दोघंबी."

इथं सरांच्या मोहल्ल्याची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथून कोणी लांबच्या वाटेला निघालं, मग तो बोधगयेला जावो की दुबईला नोकरीला, तर प्रत्येक घरानं त्याला एकेकदा जेवू घालायचं. पुन्हा भेट होईल न होईल, म्हणून. आणि तो परत आला, की त्यानं सगळ्या मोहल्ल्याला जेवण द्यायचं आणि काय काय पाहिलं ते सांगायचं. दुबईवाल्याला जिथं आमरस-पोळीवर धाडत, तिथं पेटलेल्या डोंगरावर अस्वलांत निघालेल्या माणसाला काय नुसतं वरण-भातावर सोडणार?

उकंडरावांच्या घरी त्यांच्या बायकोनं, अंबूबाईंनी, रोडगे केले होते, निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी. सरांनी दोनच घेतो म्हणून सांगितलं. अंबूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि तिसरा वाढला. रडणाऱ्या बाईला 'नको' म्हणणं सरांना जमेना. मग चौथाही गेला.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरी पुरणाचे मांडे. मग कोपऱ्यावर मटण. मग शेवयांची खीर. एका घराचं खाऊन दुसऱ्याला नाही म्हणावं, तर तो पिढ्यान् पिढ्यांचा रुसवा. सरांनी एकदा धीर करून सांगून पाहिलं, "मला डॉक्टरांनी गोड मना केलंय."

"डाक्टरनं गोड मना केलं," यजमान म्हणाले, "अन् पेटलेल्या डोंगरावर जायले हो म्हटलं? बदला तो डाक्टर." आणि ताटात आणखी एक मांडा पडला.

नारायणराव शाळेतले गणिताचे शिक्षक. स्टाफरूममधल्या एका भांडणापासून त्यांनी सरांशी बोलणं टाकलं होतं. तेही मिठाईचा पुडा घेऊन आले आणि गदगदून म्हणाले, "प्रेमानंदराव, शाळेतला तुमचा तो पृथ्वीचा गोल आठवते? पोरायनं नाही फोडला. माझ्या हातून पडला होता. तुम्ही जाऊन राह्यले, म्हणून सांगून टाकलं. आता हा पेढा घ्या, नाहीतर मी समजीन की माफ नाही केलं."

सरांनी पेढा घेतला. एका पेढ्यानं माफी पुरी झाली नाही, म्हणून दुसराही घेतला.

सकाळचा चढ चालूच होता, पण आता रात्रीचे रोडगे सरांच्या आधी धापा टाकत. अर्ध्या वाटेवर बसावं लागू लागलं. मंजुश्रीबाईंनी आवळलेली पँट उसवली. मग आणखी उसवली. शेवटी सुई हातात धरून त्या म्हणाल्या, "आता यात कापडच नाई उरलं, तं मी काय सोडू?"

"लोकांना नाही म्हणून सांग ना तू," सर काकुळतीला आले.

"मी कशी सांगू? तुम्ही परत नाही आले, तं मले याच लोकाईत राहायचं हाय."

सर पलंगावर बसून राहिले. समोर नकाशा होता. ज्या माणसांनी आपल्याला जन्मभर प्रेम दिलं, ती आता घास घास करून आपला ज्वालामुखी खाऊन टाकताहेत, आणि त्यांना ते सांगायचीही सोय नाही, असं त्यांना वाटलं. आणि ते खरंच होतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. सरांनी फोन छातीला पट्ट्यानं बांधला, म्हणजे त्यांना जे दिसेल तेच प्राची मॅडमना दिसेल. ज्वारीची पिशवी पाठीवर घेऊन ते सरोवराच्या तळाशी उभे राहिले. "करा सुरुवात, सर," मॅडम म्हणाल्या. सरांनी पाऊल उचललं.

पहिल्या वळणापर्यंत ते बरे चढले. श्वास लागत होता, पण पाय थांबले नव्हते. आज जमेल, असं त्यांना वाटून गेलं. वळण ओलांडलं आणि वर पाहिलं, तर पायऱ्यांवर अख्खा मोहल्ला उभा!

झालं होतं असं. कंपनीच्या सांगण्यावरून सर सगळं सामान घेऊन पहाटेच धारेकडे जाणार, हे मंजुश्रीबाईंनी आदल्या दिवशी अंबूबाईंना सांगितलं होतं. मोहल्ल्यानं त्याचा अर्थ लावला, की सर निघाले. रशियाला जायला आधी सरोवरात का उतरायचं, असं कोणी विचारलंच नाही. ज्वालामुखीला जाणारा माणूस ज्वालामुखीतूनच निघणार, यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

"सर," छातीवरून आवाज आला, "समोर इतकी माणसं का आहेत?"

"चढतोय, मॅडम," सर म्हणाले.

पहिला हार पडला. मग दुसरा. मग एक जाडजूड तिसरा.

"सर, मला फक्त झेंडू दिसतोय."

"चढतोय," सर म्हणाले, आणि खरोखरच चढत होते. हार घालणाऱ्यांना चुकवत, मान हलवत, ते पायरी पायरी वर सरकत होते. तेवढ्यात मागून पाठपिशवीचं तोंड कोणीतरी उघडलं. अंबूबाई होत्या. त्यांनी आत रोडग्यांचा डबा सारला, आणि त्यावर लोणच्याची बरणी. "तठी काई भेटत नसन हो," त्या मागून ओरडल्या. सर मागे झुकले, सावरले, पुन्हा निघाले.

आणि मग समोर मुख्याध्यापक आले. ते सरांचे विद्यार्थी. अरुंद पायरीवर, ऐन मधोमध, त्यांनी वाकून सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

पाया पडणाऱ्या विद्यार्थ्याला ओलांडून कोणता शिक्षक जाईल? सर थांबले. थांबले, तेव्हा त्यांना कळलं की आपण थांबायचीच वाट पाहत होतो. रोडगे, मांडे आणि पेढे एकदम वर येऊ पाहत होते. सर मटकन खाली बसले आणि पिशवीच्या ओझ्यानं तसेच मागे कलले.

"सर, तुम्ही बसलात का?"

सरांनी तोंडावर आलेला झेंडू बाजूला केला.

"सर, मला आता फक्त आभाळ दिसतंय."

उकंडरावांनी हार बाजूला करून फोनमध्ये तोंड घातलं. "बाई, सर थकले. त्याईले दम घेऊ द्या. अन् तुम्ही बी या इकडं एखाद्या दिवशी जेवायले."

"सॉरी, सर," प्राची मॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण फोन त्यांनी लगेच ठेवला नाही.

सर घरी आले ते भिंतीकडे तोंड करून निजले. चहाला उठले नाहीत, जेवणाला तर नाहीच नाही. मंजुश्रीबाईंनी नकाशा काढायला हात लावला, तर ते तिकडे न पाहता म्हणाले, "राहू दे." त्या येऊन पलंगाच्या कडेला बसल्या.

"मले बी लय वाईट वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. आणि पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "पण आपल्याले परत आल्याचं जेवण द्या लागन."

सर ताडकन उठून बसले. "मी गेलोच नाही!"

"सगळ्यायच्या घरी जेवले की नाई? हार घातले की नाई? मंग? अन् धारेच्या मधातून तं परत आलेच न तुम्ही."

अंगणात मांडव पडला. मोहल्ला झाडून आला. सर गेले नाहीत याचं दुःख एकालाही नव्हतं, उलट जो तो सरांना हात लावून पाहत होता आणि 'वाचले बापा' म्हणत होता. पंगत बसली, बुंदी वाढली गेली, आणि रिवाजाप्रमाणे उकंडरावांनी फर्मावलं, "सर, आता सांगा तठचं."

"अहो, मी पाहिलंच नाही."

"नसन पाह्यलं. तुमाले मालूम तं हाय न?"

शाळेनं मोडीत काढलेला एक फळा सरांकडे होता. त्यांनी तो भिंतीला टेकवला आणि खडू घेतला. जमिनीच्या पोटातला शिलारस काढला, वर येणारी नळी काढली, डोंगर काढला, तोंडाशी वाटीसारखा खळगा काढला. आणि सांगायला लागले. तिथं बर्फावर राख कशी पडते, पायाखालची जमीन बुटातून कशी गरम लागते, पहाटे काठावर उभं राहिलं की आतून श्वास घेतल्यासारखा आवाज कसा येतो. शिकवताना ते इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. वाढणारे वाढायचे थांबले. अंबूबाई हातातला घास तसाच धरून ऐकत होत्या. शेवटी सरांनी फळ्याकडे तोंड फिरवून उगाच डोंगराला एक रेघ वाढवली.

उकंडराव त्या चित्रातल्या खळग्याकडे बोट दाखवून, मोठ्या समाधानानं म्हणाले, "सर, म्हंजे हे आपल्या लोणारासारखंच झालं की."

सगळी पंगत खुलली. "हाव, हाव, सेम," मुख्याध्यापक म्हणाले. "मंग इतक्या दूर जायचं कामच काय होतं?"

सर गर्रकन वळले. उल्का हा शब्द ओठांवर आला होता. दगड ज्वालामुखीचा, खड्डा उल्केचा, हे वाक्य इतक्या वर्षांच्या सवयीनं आपोआप तोंडातून निघणार होतं. त्यांनी समोर पाहिलं. सगळे तोंड भरून हसत होते. ज्या गोष्टीसाठी सर जीव टाकत होते, ती त्यांना घराजवळच सापडली, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

"हाव," सर म्हणाले. "तसंच."

त्यांनी खडू खिशात टाकला, पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसले आणि पत्रावळ पुढे ओढली. अंबूबाई बुंदीचं भांडं घेऊन बिचकत बिचकत जवळ आल्या. आग्रह करावा की नाही, हे त्यांना कळेना.

"वाढा," सर म्हणाले. "आता कुठं चढायचंय?"