खंडेनवमीचे तेल आणि न थांबणारी सायकल

श्री. चाकास गती देणारा आणि गतीस आवर घालणारा जो विघ्नहर्ता, त्यास दंडवत घालोन लिहिले ते ऐकावे. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, सौम्यवासर म्हणजे बुधवार, ते दिवशी राज्यात जो अनर्थ जाहला तो काही एक न लपविता लिहून काढावा, ऐशी सूनबाईसाहेबांची आज्ञा जाहली, म्हणोन लिहिणारणीने लेखणी धरिली. लिहिणारणीचे नाव विचारू नये. सोसायटीच्या जिन्यात अद्याप चढ-उतार करणे आहे.

राज्य लहान. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचे तख्त, खाली पार्किंगचे मैदान, आणि पश्चिमेस कपडे वाळत घालण्याची सरहद्द. तेथे आईसाहेब राज्य करीत होत्या. वय एकाहत्तर, गुडघे दोन्ही बंडखोर, परंतु स्मरण ऐसे तल्लख की कोणाच्या लग्नात जिलबी कच्ची राहिली हे साल-तिथीसह सांगत, आणि नको म्हटले तरी सांगत. चिरंजीव परमुलखी चाकरीस. सूनबाई केतकीबाईसाहेब शूर, पहाटे पाचास उठोन सहा महिने टेकड्या चढल्या, आणि मग भाद्रपदात नवी डोंगरी सायकल घेतली, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी चौदा किलोमीटरचा घाट सायकलीने उतरावा ऐसा मोहिमेचा मुहूर्त धरिला. सायकलीस ब्रेक हायड्रॉलिक. म्हणजे दांडा दाबला की नळीतले तेल पुढे सरते आणि दोन पॅड चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती, म्हणजे डिस्क, चिमटीत धरितात. हे सूनबाईंनी तीन वेळा समजाविले आणि आईसाहेबांनी तीनही वेळा मान डोलाविली, आणि 'तेल' एवढाच शब्द ध्यानी ठेविला.

आईसाहेबांस सायकलीचा अभिमान जुना. शके १८९६ मध्ये, कॉलेजात असता, त्यांनी गिरणीचा उतार विनाब्रेक उतरला होता. ती कथा राज्यात सणावारी होत असे. नवी लेडीज सायकल, ब्रेक ऐन उतारावर दगा देतात, कारण सायकलवाले रंगनाथ तांबट यांनी ते धड बसविले नव्हते, आणि मग आईसाहेब न डगमगता चप्पल जमिनीस घाशीत खाली येतात.

"आई, मला पाठ आहे," सूनबाई म्हणत. "शेवटी म्हशींचा हौद येतो आणि तुम्ही त्यात पडता."

"हौदात पडले नाही. हौदाशी थांबले," ऐसे आईसाहेब दर वेळी दुरुस्त करीत.

असो. नवमीस सूनबाई स्नानास गेल्या आणि आईसाहेबांनी पूजा मांडिली. विळी, कात्री, किसणी, शिवणयंत्र, सर्वांस पुसोन तेलाचे बोट लाविले, झेंडू वाहिला, आणि मग दृष्टी गेली ती बैठकीच्या खोलीत उभ्या सायकलीवर. दोन्ही चाकांच्या मध्यभागी लखलखीत चकत्या, पातळ, धारदार. आईसाहेबांनी ताडले की ह्या जनावराचे शस्त्र ते हेच. मग मोगरा घातलेले केसांचे खोबरेल आणिले, आणि दोन्ही चकत्यांस दोन्ही बाजूंनी चोळिले, आणि पुण्यकर्मात हात आखडू नये म्हणोन वर आणिक अर्धी पळी घातली, आणि चाक फिरवोन तेल सर्वत्र पोहोचल्याची खातरजमा केली. इतक्या मन लावून त्यांनी स्वतःच्या केसांसही कधी तेल लाविले नव्हते.

दुसरे दिवशी दसरा. सूनबाई सीमोल्लंघनास निघाल्या. फाटकाशी ब्रेक दाबला, तो दहा कोंबड्या एका दारात अडकाव्या ऐसा आक्रोश जाहला, आणि सायकल थांबली नाही ती नाहीच, आणि सेक्रेटरींच्या मेंदीच्या कुंपणात घुसली. सूनबाई परत आल्या त्या हाती आपट्याची पाने नसोन मेंदीच्या काटक्या, आणि कोपर खरचटलेले.

"आई, ब्रेक लागतच नाही हो!"

"पालथी घाल," आईसाहेबांनी हुकूम सोडिला. "सायकल बघायची तर आधी पालथी घालायची. तांबट तसंच करायचे."

मग सायकल सीट-हँडलावर पालथी घातली, आणि चाके फिरवोन पाहिली, आणि काही न समजल्यामुळे सकाळपर्यंत तशीच राहू दिली. ह्या जातीच्या ब्रेकात तेलाच्या टाकीत वर थोडी हवा असली तर पालथे घालताच ती नळीत उतरते, हे आईसाहेबांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ठाऊक नसता हुकूम न सोडण्याचा त्यांस सराव नव्हता. शुक्रवारी सायकल उभी केली तो ब्रेकचा दांडा लोण्यात सुरी जावी तैसा मुठीपर्यंत गेला. आधी ब्रेक धरीत नव्हता, आता दाबही उरला नाही.

ते दिवशी एकादशी. सूनबाईंनी फोनवर शोध करोन मोठ्याने वाचिले, "डिस्कला तेलाचा थेंबही लागता कामा नये, पॅड तेल शोषून निकामी होतात." आईसाहेबांनी साबुदाण्याचा मोठा घास तोंडात कोंबिला.

"आपण कुठे तेल लावलंय!" सूनबाई म्हणाल्या. "दुकानातच कोणीतरी तेलकट हातांनी जोडली असणार."

तेव्हा खरे बोलावे तो तोंडातून निघाले, "असेल बाई. हल्लीचे लोक."

शनिवारी दुकानाचे इलाही कारागीर हत्यारांची पिशवी घेवोन आले. सूनबाई दारातच कडाडल्या. "उद्या मी घाट उतरणार होते. तिथे हे झालं असतं तर? सायकलिंगच्या ग्रुपवर दोनशे जण आहेत, सगळे तुमच्याकडेच येतात. तुमचं नाव लिहिणार आहे मी!"

"ताई, अठरा वर्षं हेच काम करतोय. डिस्क माझ्या हातानं पुसून दिलीय," ऐसे म्हणोन इलाही खाली बसले, आणि चाक फिरविले, आणि नाक जवळ नेले, आणि पुन्हा नेले. "हे खोबरेल आहे. मोगऱ्याचं." मग टोपी काढोन आपले तुळतुळीत टक्कल दाखविले. "आमच्या दुकानात मालक धरून तिघं, तिघंही असेच. खोबरेल कोण आणणार?"

"मग काय मी लावलं?" सूनबाईंचा अंगठा फोनवर चालू लागला.

टोपी पुन्हा डोईस चढवोन इलाही म्हणाले, "लिहा ताई. पॅड नवे घालतो, उद्याचं तुमचं चुकू नये. तुम्हाला फार लागलं नाही ना? मग झालं."

हे शब्द आईसाहेबांनी तत्काळ ओळखिले. कारण हेच शब्द त्यांनी शके १८९६ मध्ये ऐकिले होते. त्या साली खंडेनवमीस त्यांनीच नव्या सायकलीच्या दोन्ही रिमांस तेल चोळिले होते, आणि म्हणोन ब्रेकचे रबर घसरले होते (रिमेस तेल लावू नये हे त्या तेव्हापासोन जाणत, चकतीही तेच काम करिते हे मात्र एकादशीस कळले), आणि वडिलांनी रंगनाथ तांबटांस भर बाजारी, त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर उभे करोन फटकारिले होते. तांबटांनी रिमेवर बोट फिरविले, बोट पाहिले, मग एकवार आईसाहेबांकडे पाहिले आणि म्हणाले, "पोरीला फार लागलं नाही ना? मग झालं." पुढे गावातील निम्म्या सायकली पलीकडच्या दुकानी जाऊ लागल्या. तांबट वारले त्यास तीस वर्षे जाहली. कथा मात्र सणावारी चालूच राहिली, आणि तीत ब्रेक दर वेळी तांबटांनीच बिघडविले.

आईसाहेबांस वाटले की भूमी दुभंगेल तर बरे. परंतु दुसरा मजला. दुभंगून जाणार ते खालच्या पटवर्धनांच्या ओट्यावर.

"केतकी, फोन ठेव," त्या म्हणाल्या. "तेल मी लावलं."

"तुम्ही? कधी?"

"नवमीला. पूजेत."

"डिस्कला?"

"दोन्ही बाजूंनी."

"आई! आणि काल मी वाचून दाखवलं तेव्हा?"

"तेव्हा मी साबुदाणा खात होते."

सूनबाईंनी लिहिले होते ते पुसले, आणि इलाहींस हात जोडोन म्हणाल्या, "भाऊ, चुकलं माझं." इलाही हसले. "दसऱ्यानंतर दरसाल चार-दोन सायकली अशा येतात ताई. एकीच्या डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं होती. कबूल करणाऱ्या मात्र ह्या पहिल्याच."

मग चकत्या स्पिरिटने पुसल्या, आणि पॅड नवे घातले, आणि नळीस पिचकारी लावोन ताजे तेल खालून वर सारिले, तो एकेक बुडबुडा वर येवोन फुटू लागला आणि दांडा ताठ जाहला. अखेरीस इलाही म्हणाले की नवे पॅड चकतीस रुळण्यासाठी सायकल वीस वेळा पळवोन थांबवावी लागते.

"आई, उतरा खाली," सूनबाईंनी शिक्षा फर्माविली.

सीट खाली केली आणि आईसाहेब पार्किंगात स्वार जाहल्या. पहिल्या खेपेस सवयीने पाय जमिनीस लाविला, तो चप्पल उडोन मेंदीत गेली. इलाही ओरडले, "आजी, पाय वर! एक बोट!" मग एक बोट दाबिले, आणि सायकल निमूट उभी राहिली. हुकमास इतके तत्पर त्या राज्यात कोणीच कधी नव्हते. ऐशा सात खेपा केल्या, पुढे गुडघ्यांनी बंड केले, आणि तेरा सूनबाईंनी पुऱ्या केल्या.

रविवारी आईसाहेबांनी सकाळपासून अन्न घेतले नाही. दुपारी फोन आला.

"आई, उतरले! शेवटच्या वळणावर म्हैस आडवी आली. थांबले."

"हौद होता का गं तिथे?"

"हौद? नाही."

"आमच्या वेळी होता," आईसाहेब म्हणाल्या. "मी त्यात पडले होते."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. चकती निर्मळ, कारागीर निर्दोष, सूनबाई सुखरूप, रंगनाथ तांबट फार उशिरा पण दोषमुक्त. आणि आईसाहेब शके १८९६ पासोन ओल्या होत्या, त्या काल वाळल्या.