शेलार आप्पांचा टॉर्च

दौंडच्या शाळेत माझी बदली होऊन आम्ही नव्या घरात आलो, त्याला चारच दिवस झाले होते. भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी साडेसातला वीज गेली. माझी बायको सुनंदा पोळ्या लाटत होती आणि मेणबत्त्या अजून कुठल्या तरी खोक्यात होत्या. मी दारात उभा राहून समोरच्या अंधारालाच विचारलं, "टॉर्च आहे का हो कुणाकडे?"

"हाय की! आलोच!"

चपला फटफटल्या. एक माणूस सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरला. 'खट्‌' असा आवाज झाला, मग 'फुस्स', आणि अंधारात बोटभर लांब निळी ज्योत उभी राहिली. सुनंदाने लाटणं उगारलं. ज्योतीमागे पांढऱ्या मिशा आणि जाड भिंगांचा चष्मा दिसला.

"बोला सूनबाई," मिशा म्हणाल्या, "काय भाजायचंय?"

हे रंगनाथ शेलार. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. पस्तीस वर्षं त्यांनी फ्रीज दुरुस्त केले. फ्रीजच्या तांब्याच्या नळ्या डाग देऊन जोडता जोडता ज्योतीशी त्यांची जी दोस्ती झाली, ती दुकान विकल्यावरही सुटली नाही. फक्त नळ्यांच्या जागी वांगी आली.

त्यांचा तो टॉर्च म्हणजे बॅटरी नव्हे, तर ज्योत सोडणारं वीतभर उंचीचं यंत्र. खाली गॅसची छोटी टाकी, वर पितळी तोंड, मागे खटका. "नळ्यांचा येगळा व्हता, ह्यो येगळा," हे ते प्रत्येकाला पहिल्यांदा सांगत. "नळीला लावल्याली आग ताटाला लावायची न्हाई. ह्यो नवा कोरा घेतलाय, फकस्त खाण्यासाठी." एखाद्या गृहिणीने सोवळ्याची भांडी वेगळी ठेवावीत, तसा तो त्यांनी स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला असे.

सकाळी अकराच्या सुमाराला आणि संध्याकाळी सातला आप्पा गल्लीतून फेरी मारत. फेरी म्हणजे काय, तर प्रत्येक खिडकीपाशी जरा रेंगाळून हुंगणं. वांग्याचा वास आला की कडी वाजे.

"भरीत का?"

"हो आप्पा, पण झालंच आहे भाजून."

"देठापाशी बघू."

देठापाशी वांगं नेहमीच कच्चं राहतं. शेगडीची आग तिथवर पोचत नाही, ही आप्पांच्या आयुष्यातली फार मोठी संधी होती. मग ते पालथा लोखंडी तवा मागून घेत. प्लास्टिकची ताटली कुणी पुढे केली तर दोन्ही हात वर करून मागे सरकत. खिडकीचा पडदा बांधायला लावत. बाईच्या पदराकडे बोट दाखवून "खोचा" म्हणत. मग लांब, मोरीच्या दिशेला तोंड करून टॉर्च पेटवत आणि स्तब्ध उभे राहत.

"आता काय झालं?" सुनंदाने पहिल्यांदा विचारलं होतं.

"पिवळी हाय अजून. पिवळी असताना लावली का गॅसचा वास भाजीत उतरतो. निळी हून द्या."

ज्योत निळी झाली की ते वांग्यावरून ती अशी फिरवत, जणू लहान बाळाला पावडर लावताहेत. एका जागी कधी थांबत नसत. "हालती ठेवायची. थांबली का जळतंय," असं तोंडाने चालू असे. साल फुगे, तडकन फुटे, आणि आप्पांचा चेहरा खुले.

शेजारच्या भोईटे काकू चाळीस वर्षं चुलीवर आणि गॅसवर वांगी भाजत आल्या होत्या. त्या सुनंदाला म्हणाल्या, "एवढ्या वेळात मी चार वांगी भाजून भरीत वाढलं असतं. पण येतात म्हातारे, येऊ दे."

वांग्यावरच भागत नसे. टोमॅटोची साल काढणं, ढोबळी मिरची काळी करणं, चटणीच्या मिरच्यांना नुसता चटका देणं, सगळं त्यांच्याकडे. एकदा सुनंदाने खरवस केला होता. आप्पांनी त्यावर साखर पेरायला लावली आणि ज्योत फिरवली. साखर वितळली, तांबूस झाली, आणि गार झाल्यावर तिची काचेसारखी पापडी बसली. सुनंदाने चमच्याने ती टकटक करून फोडली तेव्हा आप्पा इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"कारखान्याच्या पाहुण्यांच्या बंगल्यात फ्रीज बसवायला गेलतो कोरेगाव भीमाला. तिथला खानसामा करत व्हता. म्या फ्रीज सोडून त्याच्याकडंच बघत बसलो. सायबानी फ्रीज झाला का इचारलं, तर म्या म्हनलं, साखर झाली."

भाजून झालं की ते लगेच जात नसत. "जरा निवू द्या" म्हणून टॉर्च तव्याशेजारी उभा ठेवत आणि आमच्या स्टुलावर बसत. टॉर्च निवायला दहा मिनिटं लागत असतील. आप्पा तासभर बसत. मुलीची शाळा, माझी शाळा, भोईटे काकूंचा गुडघा, सगळ्याची चौकशी होई. भरिताचा एक घास तळहातावर घेऊन चाखत, मान डोलावत. जेवायला बसा म्हटलं की मात्र उठत. "झालंय माझं."

दुसऱ्या वर्षी सुनंदाने ठरवलं की आपल्याकडेही एक टॉर्च हवा. खरवसाची ती काच तिच्या डोक्यात बसली होती आणि तिच्या माहेरची माणसं येणार होती. मी आप्पांना म्हटलं, "तुमच्याइतकं यातलं कुणाला कळतं? चला, निवडून द्या."

त्यांनी टॉर्चचं फडकं नीट केलं. मग म्हणाले, "शिरूरला एक दुकान हाय आपल्या वळखीचं. फ्रीजचं सामान ठेवतो. त्याच्याकडं असतेत."

रविवारी आम्ही एसटीने शिरूरला गेलो. दुकानदाराने आप्पांना बघून चहा मागवला आणि काचेवर एकामागून एक सहा टॉर्च मांडले. आप्पांनी चष्मा वर केला.

पहिल्याचं तोंड फार रुंद. "ह्याच्यानं रंग खरवडायचा, भाजी न्हाई." दुसऱ्याच्या खटक्याला कुलूप नव्हतं. "घरात लेकरू हाय सरांच्या. लेकराचं बोट पडलं म्हंजी?" तिसरा त्यांनी काचेवर उभा केला आणि करंगळीने ढकलला, तो आडवा झाला. "पेटता असता तर?" चौथ्याची ज्योत लहानमोठी होईना. पाचव्याच्या टाकीत गॅस भरायची जागा त्यांना आवडली नाही. "उलटा धरून भरायचा असतो, सर. आन् भरल्यावर लगी पेटवायचा न्हाई, सांडल्याला गॅस उडून जाऊ द्यायचा. ह्याचं तोंडच सैल हाय, भरताना हातावर सांडंल."

मी मनातल्या मनात त्यांना हात जोडत होतो. एवढं बघून वस्तू घेणारा माणूस मी पाहिला नव्हता.

सहावा टॉर्च मात्र मला ओळखीचा वाटला. तीच उंची, तेच पितळी तोंड, खटक्याला कुलूप, खाली रुंद बैठक. मी तो ढकलून पाहिला. हलला नाही.

"आप्पा, हा तर थेट तुमच्या टॉर्चसारखाच आहे."

"दिसायला," आप्पा म्हणाले.

दुकानदार हसला. "आप्पा, तुमी माझ्याकडनंच न्हेल्याला की ह्यो. तीच कंपनी."

आप्पांनी टॉर्च उचलला, खाली ठेवला. "त्या टायमाचा माल चांगला व्हता," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे बघत एसटीची वाट पाहू लागले.

परतताना ते खिडकीशी बसले. मी काहीतरी बोलत राहिलो. ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले. नंतर आणखी एकदा आम्ही दौंडमध्येच दोन दुकानं पाहिली. तिथेही काही पसंत पडलं नाही. मला वाटलं, म्हातारा फारच चिकित्सक. सुनंदाच्या माहेरची माणसं यायची वेळ येऊन ठेपली होती. शेवटी माझ्या शाळेतले एक शिक्षक शिरूरला जाणार होते, त्यांच्याकडून मी तो सहावा टॉर्च मागवून घेतला.

संध्याकाळी आप्पा आले. ओट्यावर नवा टॉर्च बघून दारातच थांबले.

"आणला व्हय," ते म्हणाले. "बरं झालं."

त्यांनी तो हातात घेतला, पेटवला, ज्योत लहान केली, मोठी केली. "चांगला हाय," ते म्हणाले. "म्या उगी नाट लावत व्हतो." मग सुनंदाला उभं करून त्यांनी सगळं पहिल्यापासून शिकवलं. गॅस कसा भरायचा, पेटवताना तोंड कुठं करायचं, किती अंतर ठेवायचं, झाल्यावर खटक्याचं कुलूप. तिच्याकडून तीनदा करून घेतलं. तिची साखर पहिल्याच खेपेला नीट झाली. "माझ्यापरीस हात हलका हाय सूनबाईंचा," असं म्हणून ते निघाले. त्या दिवशी ते स्टुलावर बसले नाहीत.

त्यानंतर ते आलेच नाहीत. पाहुणे आले, खरवस झाला, सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं, पाहुणे गेले. पंधरा दिवस झाले असतील. भोईटे काकू म्हणाल्या, "आमच्याकडंही येत न्हाईत. तुमच्या टॉर्चची बातमी झालीय गल्लीत. आता समद्याच बाया म्हणतात, आपण बी घेऊ. त्यांच्या कानावर गेलं असंल."

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. ते आमच्याकडे येत, त्यामुळे जायची वेळच आली नव्हती.

दोन खोल्या. आप्पा बाजेवर बसले होते, मला बघून गडबडले. "चहा सांगू का टपरीवर?" मी म्हटलं, मीच करतो, आणि आत गेलो. स्वयंपाकघर लखलखीत होतं. डबे ओळीने, पातेली पालथी. शेगडीवर मात्र वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर औषधाच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. खाली सिलिंडरची जागा मोकळी. मी डबे उघडून पाहिले. चहा नाही, साखर नाही, पीठ नाही. काही नाही.

मी बाहेर आलो. आप्पाच म्हणाले, "मंडळी गेली त्याला सहा वर्षं झाली. पोरगं वापीला असतं. म्या ठेसनापाशी खानावळीत जेवतो, सर. बरं असतं जेवण."

"पण आप्पा, तुम्ही इतकं सगळं… तुमच्या हातात कला आहे. स्वतःसाठी कधी…"

"एकट्यासाठी काय भाजायचं?" ते म्हणाले. "सुरवातीला केलं एकदा. वांगं भाजलं हितं. वास सुटला. आन् मग बसलो नुसता. वास सुटल्यावर 'काय केलंय आज' म्हणून इचारणारं कुणीतरी लागतं की घरात." जरा थांबून ते म्हणाले, "म्हणून तुमच्याकडं येत व्हतो. आता तुमचा तुमाला झाला. उगं कशाला कडी वाजवायची?"

मला शिरूरची काच आठवली. सहा टॉर्च, प्रत्येकात एक खोट. मी मान खाली घातली.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हात पुसले, चपला घातल्या आणि निघाली. मी मागोमाग गेलो. ती त्यांच्या दारात उभी राहून म्हणाली, "आप्पा, चला. जेवायला चला."

आप्पा सवयीने फडक्यात गुंडाळलेला टॉर्च घ्यायला उठले. "काय भाजायचंय?"

"काही नाही. वरण-भात लावलाय."

"वरण-भाताला काय करायचं त्याचं?"

"काहीच नाही करायचं. तो राहू दे इथं."

आप्पा बराच वेळ त्या फडक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते फळीवर ठेवलं, टोपी घातली आणि आमच्यासोबत निघाले. आमच्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले, पण आज हातात काही नव्हतं. हात मांडीवर ठेवून पाहिले, उचलले, पुन्हा ठेवले. कुकरची शिट्टी झाली तेव्हा दचकले.

सुनंदा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आप्पा, तेवढा लसूण सोलता का? फोडणीला लागेल."

"आणा," ते म्हणाले, आणि ताटली मांडीवर घेतली. एकेक पाकळी सोलून ते ती नखाने साफ करत होते, आणि प्रत्येक पाकळी ठेवताना एकदा वर, आमच्याकडे बघत होते.